गाडीवरचे कॅरियर : घरी बनवा, पण हिशेबाने

1998 च्या पावसाळ्यात आम्ही मालेगावहून कल्याणला साड्यांचा माल घेऊन निघालो होतो. ओम्नी गाडीच्या टपावर घरीच बनवलेले कॅरियर आणि त्यावर चार गठ्ठे. कसारा घाट उतरताना ब्रेक मारला, पुढचा एक क्लॅम्प निसटला आणि एक गठ्ठा रस्त्यावर कोसळला. मागचा मोटारसायकलवाला थोडक्यात वाचला. माल भिजला त्याचे दुःख दोन दिवस राहिले, पण त्या माणसाचा चेहरा आम्ही आजही विसरलेलो नाही. म्हणून हा तजुर्बा व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे ठेवतो.

आधी वजनाचा हिशेब

टपावर किती वजन चालते ते गाडीच्या पुस्तकात पाहावे. तिथे नसेल तर कंपनीच्या सेवा केंद्रात विचारावे. समजा मर्यादा 50 किलो आहे. आता 5 बाय 4 फुटांचे कॅरियर घ्या. एक इंची चौकोनी लोखंडी पाइप, 2 मिलिमीटर जाडीचा, मीटरला सुमारे 1.4 किलो भरतो. चौकट आणि तीन आडव्या पट्ट्या मिळून 30 फूट, म्हणजे 13 किलो. कठड्याची सळई, पाय आणि क्लॅम्प धरून 20 किलो. मालासाठी उरले 30 किलो! पन्नास सुती साड्यांचा गठ्ठा 20 ते 25 किलोचा असतो. म्हणजे टपावर एकच गठ्ठा. आम्ही चार ठेवले होते. चूक क्लॅम्पची नव्हती, आमची होती.

बनवण्याची रीत

1. टपाच्या दोन्ही कडांच्या पन्हळीतले अंतर पुढे, मध्ये आणि मागे, तीन ठिकाणी मोजा. ते सारखे नसते.

2. काळा पाइप घ्या. जस्त चढवलेला पाइप वेल्डिंग केला तर विषारी धूर निघतो.

3. वेल्डिंग गाडीपासून दूर करा. आधी फक्त टाके मारा, दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तरच चौकट काटकोनात आहे. टपावर ठेवून पाहा, मग पक्के वेल्डिंग करा.

4. पाय सहा ठेवा, प्रत्येक बाजूला तीन. वजन पन्हळीवर यावे, टपाच्या पत्र्यावर नाही. मध्ये दोन इंच मोकळी जागा हवी.

5. टपाला भोक पाडू नका. पाणी शिरते, पत्रा गंजतो. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचे रबर घाला आणि न सुटणारे नायलॉक नट वापरा. आम्ही चार क्लॅम्प आणि साधे नट लावले होते.

6. पाइपची तोंडे बंद करा, खालून पाणी निघायला बारीक भोक ठेवा. रेड ऑक्साइडचा हात मारून मग रंग द्या.

पहिल्या 50 किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा आवळा. पुढे प्रत्येक खेपेआधी कॅरियर हाताने हलवून पाहा.

माल बांधताना

फक्त वरून दोरी आवळणे पुरेसे नाही. ब्रेक लागला की माल पुढे धावतो, म्हणून मागच्या बाजूला ओढणारी वेगळी दोरी हवी. ताडपत्रीची पुढची कड गठ्ठ्याखाली दाबा, नाहीतर वारा आत शिरून ती फुगते. जड माल गाडीच्या आत, हलका वर. टपावर वजन असले की गाडी वळणावर झुकते, म्हणून वेग कमी ठेवा.

कायदा

1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीत मनमानी फेरबदल करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीपासून माल गाडीच्या बांध्याबाहेर किंवा मंजूर उंचीपलीकडे गेला तर 20,000 रुपये दंड आहे. म्हणून लोखंड विकत घेण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या. खासगी नोंदणीच्या गाडीतून धंद्याचा माल नेता येतो का, हेही तिथेच विचारा.

कॅरियरने एका खेपेचे भाडे वाचते, हे खरे. पण दोन गठ्ठे जास्त असतील तर ते टेम्पोने पाठवा. ते भाडे खर्च म्हणून वहीत लिहिता येते. रस्त्यावरच्या माणसाला झालेली इजा कोणत्या खात्यात लिहिणार?