दूध का नासले?

डेअरीत 40 लिटरचा कॅन भरला. त्यात दहा घरांचे दूध आले. शीतकेंद्रावर कॅन उघडला, तर वास आंबट! कॅन परत आला. एकाच चरवीतले दूध बिघडले, तरी तोटा दहाही घरांना होतो.

नासलेले दूध ओतून दिले, म्हणजे काम संपले का? नाही. कारण तसेच राहिले, तर उद्या पुन्हा तेच होईल.

आपण लगेच विचारतो, "कुणी केले?" मग भांडण लागते आणि खरे कुणी सांगत नाही. त्यापेक्षा विचारावे, "कशाने झाले?" चरवी गरम पाण्याने धुतली होती का? उन्हात वाळवली होती का? गाडी उशिरा आली का? नुकते काढलेले दूध कोमट असते. त्यात जंतू भराभर वाढतात. दूध 4 अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले, की त्यांची वाढ फार मंदावते. म्हणून उशीर नडतो.

कॅनमध्ये ओतण्याआधी प्रत्येक घरचे दूध हुंगून पाहावे. शिवाय डेअरीत एक वही ठेवावी. तिच्यात पाच रकाने आखावेत: तारीख, काय बिघडले, कशाने बिघडले, उपाय काय, तो कुणी करायचा.

महिन्याने सर्वांनी बसून वही वाचावी. तेच कारण पुन्हा दिसले, तर उपाय अपुरा पडला असे समजावे आणि दुसरा शोधावा.

आता आपल्याला लिहिता येते. तेव्हा पहिली नोंद आपणच करू या!