कळा आणतात म्हणजे नेमकं काय करतात?



परवा आमच्या शाळेतल्या एका तरुण शिक्षिकेचा फोन आला. ती बाळंतपणाच्या रजेवर आहे, पहिलीच वेळ. तपासणीच्या फाईलचा फोटो तिने पाठवला होता. त्यावर डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'कळा आल्या नाहीत तर ४१ आठवड्यांना इंडक्शन.' तिचा आवाज रडवेला झाला होता. "ताई, माझ्या बाळाला काही झालंय का? सासूबाई म्हणतात, कळा आणल्या की सिझर ठरलेलंच."

मला माझे दिवस आठवले. पंधरा वर्षांपूर्वी अडतिसाव्या आठवड्यात माझा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी दाखल व्हायला सांगितलं. रात्री आठला जेल ठेवलं. मला वाटलं, तासाभरात बाळ हातात येईल. प्रत्यक्षात बाळ जन्माला आलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला, म्हणजे तेवीस तासांनी! ते सगळे तास मी आणि माझी आई एकच विचार करत होतो की काहीतरी बिघडलं आहे. खरं तर काहीच बिघडलं नव्हतं. पहिल्या बाळंतपणात एवढा वेळ लागू शकतो, एवढंच आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. कळांपेक्षा त्या न कळण्याचाच त्रास मला जास्त झाला.

म्हणून हा लेख. त्या मैत्रिणीला फोनवर जे सांगितलं, तेच इथे नीट मांडते आहे. मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. औषध कोणतं द्यायचं हे डॉक्टरच ठरवणार. पण आपल्यासोबत काय होणार आहे, हे आपल्याला आधी माहीत असायलाच हवं.

आधी थोडी उजळणी

संप्रेरकांचा धडा आपण वर्गात शिकवतो. त्यात ऑक्सिटोसिन हे नाव येतं. मेंदूत तयार होणारं आणि पियूषिका ग्रंथीतून रक्तात सोडलं जाणारं हे संप्रेरक गर्भपिशवी आकुंचन पाववतं. त्या आकुंचनालाच आपण 'कळ' म्हणतो. विन्सेंट द्यू विन्यो या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५३ साली हे संप्रेरक प्रयोगशाळेत तयार केलं आणि १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज दवाखान्यात 'कळांचं सलाईन' म्हणून जे लावतात, त्या बाटलीत हेच ऑक्सिटोसिन असतं.

दुसरी गोष्ट तारखेची. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजून डॉक्टर तारीख देतात. पण बरोबर त्याच तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात. तारीख उलटली म्हणून लगेच घाबरू नका. मात्र तारीख उलटल्यावर 'होईल कधीतरी' म्हणून घरी बसूनही राहू नका.

कळा का आणाव्या लागतात?

बाळ पोटात ठेवण्यापेक्षा बाहेर आलेलं जास्त सुरक्षित आहे असं डॉक्टरांना वाटतं, तेव्हा कळा आणतात. नेहमीची कारणं अशी :

• ४१ आठवडे पूर्ण झाले तरी कळा नाहीत. वार जुनी होत जाते, पाणी कमी होऊ शकतं आणि बाळ पोटात दगावण्याचा धोका, मुळात लहान असला तरी, वाढू लागतो. जागतिक आरोग्य संघटनाही ४१ आठवडे नक्की पूर्ण झाल्यावर कळा आणण्याची शिफारस करते.
• आईचा रक्तदाब वाढला आहे. झटके येण्याचा धोका टाळायचा असतो.
• गरोदरपणातला मधुमेह आहे.
• पाणमोट फुटली, पाणी गेलं, पण कळा सुरू झाल्या नाहीत. इथे जंतुसंसर्गाची भीती असते.
• बाळाची वाढ खुंटली आहे किंवा त्याची हालचाल कमी झाली आहे.

बाळ आडवं असेल, वार गर्भपिशवीच्या तोंडावर आलेली असेल, तर कळा आणत नाहीत. आधी सिझर झालेलं असेल तर डॉक्टर फार जपून निर्णय घेतात, कारण जुन्या टाक्यांवर ताण येतो. अशा वेळी मिसोप्रोस्टॉलची गोळी वापरत नाहीत. म्हणून आधीच्या बाळंतपणाचे कागद नवीन दवाखान्यात जरूर दाखवा.

आणि मुहूर्त? 'अमुक नक्षत्रावर बाळ हवं' म्हणून आठवडे भरायच्या आत कळा आणायला सांगणारे लोक आपल्याच आजूबाजूला आहेत. बाळाची फुप्फुसं पंचांग बघून तयार होत नाहीत. ३९ आठवड्यांच्या आत कारणाशिवाय बाळाला घाई करू नये.

पायरी १ : आतून तपासणी

दाखल झाल्यावर बाळाचे ठोके बघतात. मिनिटाला ११० ते १६० ठोके हे साधारण योग्य प्रमाण. मग आतून तपासणी होते. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, मऊ आहे की कडक, कोणत्या दिशेला आहे आणि बाळाचं डोकं किती खाली आलंय, या पाच गोष्टींना गुण देतात. एडवर्ड बिशप या डॉक्टरांनी १९६४ साली ही पद्धत मांडली, म्हणून याला बिशप स्कोअर म्हणतात. एकूण गुण १३. आठ किंवा जास्त असले तर तोंड तयार आहे. सहा किंवा कमी असले तर आधी तोंड मऊ करावं लागतं. आपल्या भाषेत सांगायचं तर ही पूर्वचाचणी! कमी गुण म्हणजे नापास नव्हे, तयारीला जास्त वेळ लागेल एवढाच त्याचा अर्थ.

पायरी २ : तोंड मऊ करणं

यासाठी वेगवेगळे उपाय आहेत.

• तपासताना बोट फिरवून पाणमोटेचा खालचा भाग सैल करतात. थोडं दुखतं, एखादा रक्ताचा डाग दिसतो. कधी कधी यानेच एक-दोन दिवसांत कळा सुरू होतात.
• जेल ठेवतात. साधारण सहा तासांनी पुन्हा तपासून गरज असेल तर पुन्हा ठेवतात.
• मिसोप्रोस्टॉलची गोळी अगदी छोट्या मात्रेत, २५ मायक्रोग्रॅम, तोंडावाटे किंवा आतून ठराविक तासांनी देतात.
• फोली कॅथेटर, म्हणजे बारीक नळीच्या टोकाला असलेला रबरी फुगा, तोंडात बसवून पाण्याने फुगवतात. त्याच्या दाबाने तोंड हळूहळू उघडतं. तोंड पुरेसं उघडलं की फुगा आपोआप गळून पडतो. तेव्हा घाबरू नका, ती चांगली खूण आहे.

याबाबतचा एक मोठा अभ्यास आपल्या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत झाला आहे. रक्तदाब वाढलेल्या ६०२ महिलांमध्ये गोळी आणि फुगा यांची तुलना केली. २०१७ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २४ तासांत नैसर्गिक मार्गाने प्रसूती झाल्या त्या गोळीच्या गटात शंभरात ५७ आणि फुग्याच्या गटात शंभरात ४७. हा आकडा मी मुद्दाम देते आहे. दोन्ही गटांत पुष्कळ जणींची २४ तासांत तशी प्रसूती झाली नव्हती, हे लक्षात घ्या. म्हणजे 'अजून कसं झालं नाही?' हा प्रश्न पहिल्या सहा तासांत विचारण्यात अर्थ नाही.

पायरी ३ : पाणमोट फोडणं आणि सलाईन

तोंड थोडं उघडलं की पाणमोट फोडतात. ती फोडताना दुखत नाही, पण कोमट पाणी गेल्याचं एकदम जाणवतं. पाणी हिरवट असेल तर बाळाने आत शी केली आहे असं समजून डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात. मग ऑक्सिटोसिनचं सलाईन अगदी थोड्या थेंबांनी सुरू करून दर अर्ध्या तासाने गरजेप्रमाणे वाढवतात. दहा मिनिटांत तीन ते पाच कळा हव्यात. पाचापेक्षा जास्त व्हायला लागल्या तर बाळाला मध्ये 'श्वास घ्यायला' उसंत मिळत नाही. तेव्हा सलाईन कमी करतात किंवा बंद करतात. 'सलाईन बंद केलं म्हणजे यांनी आशा सोडली' असा अर्थ काढू नका.

म्हणूनच एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. कळांचं इंजेक्शन घरी, किंवा सिझरची सोय नाही अशा ठिकाणी घेऊ नका. सलाईनचा वेग कमी करता येतो, पण टोचलेलं इंजेक्शन परत काढता येत नाही. जोराच्या कळांनी गर्भपिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं. कुणी 'लवकर मोकळी करतो' म्हणून सुई काढली तर सरळ नाही म्हणा. एरंडेल पाजण्याचा घरगुती उपायही नको. जुलाब लागून बाई ऐन वेळी गळून जाते.

दुखतं का? आणि सिझर होतंच का?

दुखतं. आपोआप येणाऱ्या कळा चढत चढत जातात. सलाईनच्या कळा अनेकींना एकदम जोरात आल्यासारख्या वाटतात. पण दुखणं कमी करायचे उपाय आहेत. कंबर चोळणं, चालणं, कूस बदलणं, लांब श्वास, काही ठिकाणी वेदनाशामक इंजेक्शन किंवा पाठीत दिलं जाणारं एपिड्युरल. 'आमच्या वेळी नव्हतं असलं काही' म्हणून कुणी सुनेला गप्प बसवू नये.

आता सासूबाईंचा प्रश्न. अमेरिकेत सहा हजारांहून जास्त निरोगी, पहिलटकरीण महिलांवर एक अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना ३९व्या आठवड्यात कळा आणल्या त्यांच्यात सिझरचं प्रमाण १८.६ टक्के होतं, आणि ज्यांनी वाट पाहिली त्यांच्यात २२.२ टक्के. म्हणजे 'कळा आणल्या की सिझर' हे समीकरण बरोबर नाही. अर्थात तिथली देखरेख आणि आपल्या प्रत्येक दवाखान्यातली देखरेख सारखी नसते. कधी पुरेसा वेळ देऊनही तोंड उघडत नाही, कधी बाळाचे ठोके कमी होतात. तेव्हा सिझर करावंच लागतं. त्यात बाईचं काही चुकलेलं नसतं. बाळ आणि आई सुखरूप, हाच निकाल महत्त्वाचा.

डॉक्टरांना हे प्रश्न विचारा

वहीत लिहून न्या. ऐन वेळी आठवत नाहीत.

१. माझ्या बाबतीत कळा आणायचं नेमकं कारण काय?
२. दोन दिवस थांबलो तर काय धोका आहे? थांबायचं तर बाळावर लक्ष कसं ठेवायचं?
३. माझं तोंड किती तयार आहे? कोणती पद्धत वापरणार?
४. यश आलं नाही तर पुढे काय?
५. माझ्याजवळ एक जण थांबू शकेल का?

पाचव्या प्रश्नाबद्दल सांगते. सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक स्त्री असू द्यावी, अशा सूचना केंद्र सरकारने २०१६ मध्येच दिल्या आहेत. तसंच २०११ पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातली प्रसूती, सिझरसुद्धा, औषधांसह मोफत आहे. आपल्या शाळेतल्या कितीतरी पालकांना हे माहीत नसतं. आणि सही करण्याआधी कागदावर काय लिहिलंय ते विचारणं हा उद्धटपणा नव्हे.

घरच्यांसाठी चार शब्द

पिशवीत एका दिवसाचे नव्हे, तीन दिवसांचे कपडे भरा. खाण्यापिण्याचं सिस्टरना विचारून द्या. फोनवर नातेवाइकांना दर तासाला बातमी देऊ नका. 'झालं का?' हे विचारणारे फोन त्या बाईला फार थकवतात. माझ्या आईने शेवटी फोन बंद करून माझ्या पाठीवर हात ठेवला, तो हात मला अजून आठवतो.

घरी वाट पाहत असताना बाळाची हालचाल कमी झाली, रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा पोटात वरच्या बाजूला दुखलं, तर दिलेल्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. १०८ ला फोन करा.

शिक्षकांना विनंती

माता-पालक सभेत आपण अभ्यास, डबा, गणवेश यांवर बोलतो. तिथे बसलेल्या आयांपैकी एखादी पुन्हा गरोदर असते, एखादीची लेक किंवा सून पहिल्यांदा बाळंत होणार असते. वर्षातून एकदा गावच्या आरोग्यसेविकेला किंवा आशाताईंना बोलवा आणि हा विषय मोकळेपणाने होऊ द्या.

माझ्या मैत्रिणीने फोन ठेवताना विचारलं, "म्हणजे ताई, वेळ लागला तरी घाबरायचं नाही ना?" मी म्हटलं, "वेळ लागला म्हणून नाही घाबरायचं. शंका आली की मात्र विचारायचं." वर्गात मुलांना आपण रोज हेच तर सांगतो.