एम.टेक. म्हणजे काय रे भाऊ?

फायनल इयर जवळ आलं की हॉस्टेलच्या मेसमध्ये रोज रात्री एकच विषय असतो. कॅम्पस, एम.बी.ए., एम.एस. की एम.टेक.? त्यात एम.टेक.चं नाव काढलं की कोणीतरी हमखास म्हणतं, "अगं, ज्यांना जॉब लागत नाही ते एम.टेक. करतात!" आणि सगळं टेबल हसतं. पण एम.टेक.ला नक्की करतात काय, हे विचारा, त्या टेबलावर एकालाही सांगता येत नाही. म्हणून सिनिअर्सना आणि सरांना विचारून, थोडं वाचून हा लेख लिहिते आहे. मी सिव्हिलची, त्यामुळे उदाहरण सिव्हिलचंच येणार. बाकीच्या ब्रँचनी सांभाळून घ्यावं.

आधी नावांचा घोळ मिटवू. मुंबई विद्यापीठाची ती एम.ई., माटुंग्याच्या व्ही.जे.टी.आय.ची किंवा पवईच्या आय.आय.टी.ची ती एम.टेक. दोन्ही दोन वर्षांच्या. ए.आय.सी.टी.ई.च्या नियमाप्रमाणे इंजिनिअरिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर बी.ई.च्या जोडीला यातली एक लागतेच, आणि दोहोंपैकी एका पदवीत फर्स्ट क्लास. अमेरिकेत मात्र 'इंजिनिअरिंग' वेगळं आणि 'इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी' वेगळं. दुसऱ्यात प्रत्यक्ष वापरावर भर जास्त. तिथे अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या 'एबेट' संस्थेत या दोघांसाठी दोन वेगळे आयोग आहेत. सो, बाहेरचा फॉर्म भरणाऱ्यांनी कोर्सचं पूर्ण नाव वाचूनच पैसे भरावेत.

आता मुद्द्याचं. बी.ई. आणि एम.टेक. यांत फरक काय?

जुलै २०१८ आठवा. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, वसई-विरार लोकल बंद पडली, मिठागरात लोक अडकले. मी तेव्हा सातवीत होते. दोन दिवस घरात वीज नव्हती आणि शाळा बंद म्हणून मी खुशीत होते. पुढे महापालिकेने या पुराचा अभ्यास नीरी आणि आय.आय.टी. मुंबई यांच्याकडे सोपवला. पाणी साठवण्यासाठी धारण तलाव हवेत, ही चर्चा तेव्हापासून आपण ऐकतो आहोत.

हा प्रश्न बी.ई.त आपण कसा सोडवतो? रॅशनल मेथडने. क्यू = सी × आय × ए ÷ ३६०. यात 'आय' म्हणजे तासाला किती मिलिमीटर पाऊस, 'ए' म्हणजे हेक्टरमध्ये क्षेत्र आणि 'सी' म्हणजे पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा. समजा १०० हेक्टर जमीन आहे आणि तासाला ५० मि.मी. पाऊस. केळीच्या, मोगऱ्याच्या वाड्या असतील तर सी ०.३ धरू. उत्तर येतं सेकंदाला सुमारे ४.२ घनमीटर. त्याच जागी सोसायट्या, पार्किंग आणि पेव्हर ब्लॉक आले की सी ०.८, आणि उत्तर ११.१. नाला मात्र तोच!

एवढं लिहिलं की पेपरात पूर्ण मार्क. पण वसईत गंमत पुढेच आहे. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र, आणि मधून रेल्वेचा भराव. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी चढलेलं असतं, तेव्हा नाल्यातलं पाणी जाणार कुठे? समजा तीन तास बाहेर पडायचा रस्ता बंद आहे आणि पाऊस चालूच आहे. सी ०.८ ने १,२०,००० घनमीटर पाणी साठतं. तीन मीटर खोल तलाव धरला तर चार हेक्टर जागा हवी. वाड्या राहिल्या असत्या तर दीड हेक्टरमध्ये भागलं असतं. चार हेक्टर मोकळी जागा आज वसई रोड स्टेशनच्या आसपास कोणी दाखवली तर मी त्याला पार्टी देईन.

इथेच एम.टेक. सुरू होतं. तो ०.३ आला कुठून? पुस्तकातल्या तक्त्यातून. वसईच्या वाडीतल्या मातीत, सलग चार दिवसांच्या पावसानंतर तो किती होतो, हे तक्ता सांगत नाही. ते मोजावं लागतं. आणि ५० मि.मी. तरी कशावरून? मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मि.मी. पावसाच्या हिशोबाची होती. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ५० धरले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मि.मी. पडला. बी.ई.ला आकडा दिलेला असतो, एम.टेक.ला त्या आकड्यावरच शंका घ्यायची असते. पहिलं वर्ष लेक्चर्स आणि परीक्षांचं. दुसरं बहुतेक सगळं डिझर्टेशनचं, म्हणजे एक प्रश्न, एक गाइड आणि तुम्ही.

यात एक मेख आहे, ती सिनिअर्सनी सांगितली. ॲडमिशन पावसाळ्यात, डिझर्टेशन दुसऱ्या वर्षी, म्हणजे मोजायला पावसाळा मिळतो एकच. पाण्यावर काम करायचं असेल तर पहिल्या वर्षीच विषय आणि जागा ठरवून ठेवा, नाहीतर दुसऱ्याच्याच डेटावर ग्राफ काढत बसाल. आय.आय.टी. मुंबईच्या 'सितारा' केंद्रात टेक्नॉलॉजी अँड डेव्हलपमेंटमध्ये एम.टेक. आहे. तिथे गावात राहून काम करावं लागतं. डहाणू-जव्हारकडच्या आपल्या हॉस्टेलाइट्सनी त्याची चौकशी जरूर करावी.

आता पैसे. माझ्या बी.ई.चं लोन चालू आहे, त्यामुळे आमच्या घरी हाच प्रश्न पहिला. 'गेट' देऊन ॲडमिशन घेतली तर महिना १२,४०० रुपये स्कॉलरशिप (२०१५ मध्ये ८,००० ची ती १२,४०० झाली). दोन वर्षांचे २,९७,६००. आय.आय.टी.त त्याबदल्यात आठवड्याला आठ तास टीचिंग असिस्टंटचं काम. नोकरीच्या पगाराशी याची तुलना करू नका, हरतं. पण घरून पैसे न मागता शिकता येतं, हे आमच्यासारख्यांना पुष्कळ आहे.

गेट तीन तासांची, ६५ प्रश्न, १०० मार्क. त्यातले १५ ॲप्टिट्यूडचे. एका मार्काचा एम.सी.क्यू. चुकला तर एक तृतीयांश मार्क जातो, पण आकडा टाइप करायच्या प्रश्नांना निगेटिव्ह नाही, ते कोरे सोडू नका. टी.ई.लाही देता येते. परीक्षा फेब्रुवारीत असते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो.

हे शेवटचं वाक्य मी बाबांना दोनदा सांगितलं. त्यांचं म्हणणं होतं, "आधी नोकरी कर, लोन फिटू दे." मी म्हटलं, "बाबा, स्कोअर तीन वर्षं टिकतो. आता परीक्षा देते, दोन वर्षं नोकरी केली तरी तो चालेल." त्यांनी चष्मा काढला, थोडा वेळ हिशोब केला आणि विचारलं, "फॉर्मची तारीख काय आहे?"