दारू, ब-१ जीवनसत्त्व आणि मेंदू
रोज दारू पिणाऱ्याचे जेवण सुटते. खाल्लेल्या अन्नातले ब-१ जीवनसत्त्वही (थायामिन) नीट शोषले जात नाही. शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. मग मेंदूच्या पेशींना साखरेपासून ऊर्जा मिळवता येत नाही. चालताना तोल जातो, एकाचे दोन दिसतात, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. तिन्ही लक्षणे एकत्र दिसतीलच असे नाही. हा विकार कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये वर्णिला.

घरचे मात्र ‘अजून उतरली नाही’ म्हणून झोपवून ठेवतात. तेथेच घात होतो. उशीर झाल्यास स्मरणशक्ती बहुधा कायमची जाते.

अशा रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्या. व्यसन डॉक्टरांपासून लपवू नका. ग्लुकोजच्या सलाईनआधी किंवा त्यासोबत थायामिनचे इंजेक्शन द्यावे लागते. नुसत्या गोळ्यांनी भागत नाही.