न्याहारीतील अंडे आणि बलकाची भीती



वसतिगृहातील न्याहारीत चिरंजीव भाचा रोज तीन उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग खातो आणि बलक काढून टाकतो, असे त्याच्या आईकडून समजले. व्यायामशाळेत मिळालेल्या या सल्ल्यामागील समजूत जुनी आहे, आणि ती कोठून आली हे उमगल्याखेरीज मनातून जाणार नाही. म्हणून हा विषय थोड्या विस्ताराने मांडणे आवश्यक वाटते.

कवच वगळता साधारण ५० ग्रॅम भरणाऱ्या अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने आणि ७० ते ७५ कॅलरी ऊर्जा मिळते. प्रथिनांचा निम्म्याहून थोडा अधिक वाटा पांढऱ्या भागात असला तरी उरलेला बलकात असतो, आणि ‘अ’, ‘ड’ व ‘बी-१२’ ही जीवनसत्त्वे, डोळ्याच्या पडद्यात साठणारे ल्यूटीन हे पिवळे रंगद्रव्य आणि कोलीन, म्हणजे पेशींची आवरणे बांधण्यास व मज्जातंतूंच्या संदेशवहनास लागणारे पोषकद्रव्य, ही जवळजवळ सारी संपत्ती बलकातच असते. ज्याचे लहानपण आजोळच्या शाकाहारी स्वयंपाकावर गेले आणि ज्याला वसतिगृहात पुरेसे दूधही मिळत नाही, अशा तरुणाच्या दृष्टीने यांतील बी-१२ विशेष मोलाचे आहे, कारण वनस्पतिजन्य अन्नात ते नैसर्गिकरीत्या जवळजवळ नसतेच. ते टाकून देऊन पुढे त्याच जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकत घेणे यात शहाणपण नाही.

भीतीचा उगम कोलेस्टेरॉलमध्ये आहे. कोलेस्टेरॉल हा पेशींच्या आवरणासाठी, पित्तरसासाठी आणि काही संप्रेरकांसाठी शरीराला लागणारा मेणासारखा पदार्थ असून एका बलकात तो सुमारे १८५ मिलिग्रॅम असतो. १९१३ साली रशियातील निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत मेदाचे थर साचतात हे दाखवले; प्रयोग महत्त्वाचा होता, परंतु ससा हा तृणभक्षी प्राणी असल्याने बाहेरून येणारे कोलेस्टेरॉल हाताळण्याची माणसाइतकी क्षमता त्याच्या शरीरात नसते. पुढे १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने आठवड्याला तीनपेक्षा अधिक बलक खाऊ नयेत असे सुचवले आणि तो आकडा जगभर पसरला. नंतरच्या अभ्यासातून असे स्पष्ट होत गेले की, रक्तातील बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते, आहारातून अधिक आले तर बहुसंख्य लोकांत हे उत्पादन काहीसे घटते, आणि रक्तातील पातळी वाढवण्यात अन्नातील कोलेस्टेरॉलपेक्षा तूप, लोणी, वनस्पती तूप यांतील संपृक्त व कृत्रिमरीत्या घट्ट केलेल्या मेदांचा हात मोठा असतो. २०१५ नंतरच्या अमेरिकी आहार-मार्गदर्शनातून दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा वगळली गेली ती याच कारणाने. व्यायामशाळांतून मात्र ती अद्याप गेलेली नाही.

यावरून अंडी कितीही खावीत असा अर्थ मात्र चिरंजीवाने काढू नये. निरोगी तरुणाने न्याहारीत एक किंवा दोन पूर्ण अंडी घ्यावीत, इतकेच पुरेसे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलो वजनाच्या मुलाला सुमारे ५० ग्रॅम; दोन अंड्यांतून त्यांपैकी १२ ग्रॅम आले, तर उरलेली प्रथिने डाळ, उसळ, दूध-दही यांतून सहज येतात.

अंड्याशेजारी काय वाढून घेतले जाते याकडे फारसे कोणी पाहत नाही. अंड्यात तंतुमय पदार्थ मुळीच नाहीत आणि ‘क’ जीवनसत्त्वही नाही. त्यामुळे मस्का लावलेले पाव आणि तेलात परतलेली भुर्जी ही रोजची न्याहारी होऊ शकत नाही, तर मटकीची उसळ किंवा ज्वारीची भाकरी, कांदा-टोमॅटो आणि वर पिळलेले लिंबू यांच्या जोडीला उकडलेले अंडे असावे. अंड्यातील लोह बलकातील फॉस्विटिन नावाच्या प्रथिनाला घट्ट बांधलेले असल्याने शरीरात कमीच शोषले जाते, आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा उसळीतील लोहही अडवतो. चहा तासाभराने घ्यावा.

तालमीतल्या जुन्या प्रथेप्रमाणे दुधात कच्चे अंडे फोडून पिण्याचा मोह चिरंजीवाने कटाक्षाने टाळावा. शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९० टक्के प्रथिने पचतात, कच्च्यातील जेमतेम निम्मी. शिवाय कच्च्या पांढऱ्या भागातील ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवते, आणि साल्मोनेला या जिवाणूची बाधा होण्याचा धोका वेगळाच. तपकिरी कवचाच्या गावरान अंड्यासाठी अधिक पैसे मोजण्याची गरज नाही, कारण कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, पोषणावर नाही.

आजोळी अंडे शिजत नाही, आणि तेथील नियम तेथे पाळावा. मनात अपराधभाव मात्र बाळगू नये. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर लिहिताना स्वतः कडक शाकाहारी असलेल्या महात्मा गांधींनीही, जो दूध घेतो त्याला निर्जीव, म्हणजे फलित न झालेले अंडे घेण्यास हरकत नसावी, असे मत मांडले होते. आजची बाजारातील अंडी बहुतेक तशीच असतात.

महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारी निधी थांबला. ज्या मुलांना ते एकच अंडे मिळत होते त्यांच्या ताटातून ते गेले असताना कोणी रोज तीन बलक फेकावेत, हे पाहवत नाही.

चिरंजीवाच्या आजोबांना ऐन चाळिशीत हृदयविकार झाला होता आणि काही घराण्यांत कोलेस्टेरॉल जन्मतःच वाढलेले असते. म्हणून येत्या सुटीत रक्तातील मेदाची तपासणी करून घ्यावी, आणि पातळी अधिक आढळल्यास किंवा पुढे मधुमेह उद्भवल्यास बलकांची संख्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावी. तपासणीचा कागद आईकडे द्यावा.