कणगीला माच हवाच



सुगीनंतर चार-सहा महिने धान्य चांगले राहिले तरच ते थांबून विकण्याचा लाभ मिळतो, नाहीतर खळ्यावर मिळेल तो भाव घ्यावा लागतो. यासाठीच आपल्याकडे बांबूची किंवा निरगुडीच्या फोकांची कणगी विणून, शेणमातीने लिंपून लाकडी माचावर ठेवण्याची पद्धत पडली. आज अनेक घरांत कणगी आहे, परंतु तिच्याखालचा माच गेला आहे.

कणगी जमिनीवर टेकली की जमिनीतील ओल लिंपणात चढते. तळाचे धान्य दमट होऊन त्यास बुरशी लागते व किडीची वाढ होते. माचामुळे खालून हवा खेळती राहते. शिवाय वाळवी व उंदरांची बिळे वेळीच दिसतात.

माच करताना पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात :

१) उंची : उंदीर सुमारे पाऊण मीटर उंच उडी मारतो. म्हणून माच जमिनीपासून किमान १ मीटर उंच असावा.

२) खांब : १० क्विंटल धान्य म्हणजे १ टन भार. त्या मानाने खांब जाड घ्यावेत व मध्येही टेकू द्यावा. खांब सपाट दगडावर उभे करावेत. पुरावयाचे झाल्यास बुडाला डांबर लावावे.

३) पत्रा : प्रत्येक खांबाला माचाच्या लगेच खाली पत्र्याचे उपडे नरसाळे बसवावे. त्याची कड खांबापासून सुमारे २५ सें.मी. बाहेर यावी. स्पेनमधील गॅलिशिया भागात जुन्या कोठारांच्या खांबांवर याच हेतूने रुंद चपटे दगड बसविलेले आढळतात.

४) अंतर : भिंत, झाड किंवा कडब्याची गंजी माचापासून उंदराला उडी मारता येणार नाही इतकी दूर असावी. शिडी काम होताच काढावी. माचाला टेकवून ठेवलेले एखादे अवजारही उंदराला वर चढण्यास पुरते आणि बाकीचा सर्व खर्च वाया जातो.

धान्य भरण्यापूर्वी कणगीच्या भेगा लिंपून लिंपण पूर्ण वाळू द्यावे. धान्य कडक उन्हात वाळवावे व थंड झाल्यावरच भरावे. तृणधान्यात १२ टक्क्यांहून, तर कडधान्यात १० टक्क्यांहून अधिक ओलावा नसावा.

माचाने धान्यातील कीड मरत नाही, हे खरे. परंतु त्यासाठी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरातील कणगीत मुळीच टाकू नयेत. कणगी हवाबंद नसते. त्यातून निघणारा विषारी वायू घरात पसरून जीव जाऊ शकतो. त्याऐवजी महिन्यातून एकदा धान्य तपासावे व कीड दिसताच काढून, चाळून पुन्हा वाळवावे.

येत्या सुगीपूर्वी आपल्या कणगीखाली एकदा वाकून पाहावे. तेथून हवा खेळत नसेल, तर प्रथम माच उभारावा.