मातीतला ऐवज

भूमीच्या पोटातून निघालेल्या प्राचीन धातूच्या वस्तूचे भवितव्य बहुधा पहिल्या रात्रीतच ठरते, आणि ते ठरविणारी मंडळी म्हणजे विहिरीवरचे मजूर, जमिनीचा मालक, पेठेतला सोनार आणि, प्रकरण तेवढ्यावर न मिटल्यास, गावचा तलाठी व ठाण्याचा अंमलदार. पुरातत्त्वाचे पंडित तेथे पोचतात ते फार उशिरा. महसूल खात्याच्या चाकरीत, तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून असताना, अशा काही प्रकरणांचे कागद माझ्या हातांखालून गेले. आणि सेवानिवृत्तीनंतर इतिहासाचे ग्रंथ स्वस्थपणे वाचावयास सवड मिळाली, तेव्हा त्या कागदांत लिहिले गेले होते त्यापेक्षा लिहावयाचे राहून गेलेलेच अधिक मोलाचे होते, हे ध्यानी आले. ज्यांच्या कुदळीला वा नांगराला असा ऐवज उद्या लागेल, त्यांच्यासाठी हे अनुभवाचे बोल.

गोदावरीच्या खोऱ्यातील एका गावी, ऐन वैशाखात, विहिरीचे खोदकाम चालले असता कुदळीचा घाव मातीच्या घड्यावर बसला. घड्यात हिरव्या थराने एकमेकांना चिकटलेली नाणी होती आणि शेजारी तांब्याची एक झारी आडवी पडली होती. काम तेथेच थांबले, कोणी वाच्यता करू नये अशा आणाभाका झाल्या, आणि दिवेलागणीनंतर पसापसाने वाटणी झाली. झारी सोन्याची असावी या आशेने कोणी छिन्नीने तिच्या काठाचा टवका काढून पाहिला. नाण्यांतली जी कसोटीवर रुपेरी उतरली ती सोनाराच्या मुशीत गेली. उरलेली चिंच, लिंबू आणि राख लावून घराघरांतून इतकी घासली गेली की त्यांच्यावर चकाकी तेवढी राहिली. गुप्तधन काढल्यावर कोंबडे द्यावे लागते, तेही यथासांग दिले गेले. पुढे मालक व मजूर यांच्यात वाट्यावरून बिनसले, फिर्याद झाली, आणि उरलासुरला माल कचेरीत आला तो एका फडक्यात. पंचनाम्यात त्याचे वर्णन ‘जुनी नाणी, एक पुडके, व फुटकी झारी’ एवढेच होते. वजन मात्र गुंजेपर्यंत नोंदलेले होते. घडा किती खोल होता, कोणत्या थरात होता, त्यावर झाकण होते काय, झारी घड्याच्या कोणत्या अंगाला होती, यांपैकी एकही तपशील नव्हता. आणि घड्याची खापरे मुरुमाच्या ढिगाबरोबर केव्हाच रस्त्याच्या भरावात गेली होती.

काही महिन्यांनी एक वृद्ध नाणकशास्त्रज्ञ तो मुद्देमाल पाहावयास आले. भिंग लावून त्यांनी एकेक नाणे उलटसुलट न्याहाळले, अक्षरांची जागा बोटाने चाचपली, आणि मग आम्हांस जे प्रश्न विचारले त्यांतला एकही नाण्यांच्या धातूविषयी नव्हता. खापरे कोठे आहेत, एकूण नाणी किती होती, वितळविलेली आणि उरलेली एकाच छापाची होती काय, जवळ विटा किंवा राख आढळली काय, असे ते विचारीत गेले आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. गट नंबर व चतुःसीमा नसलेला उतारा जसा कोणत्याही दिवाणी दाव्यात निरुपयोगी, तशी ठिकाण व सोबत हरवलेली वस्तू इतिहासाच्या दरबारी निरुपयोगी ठरते, हे त्या दुपारी मला जसे उमगले तसे पुढे कोणत्याही ग्रंथाने उमगविले नाही.

सोबतीचे हे महत्त्व किती, याचा दाखला आमच्याच नाशिक जिल्ह्यात आहे. जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या सुमारे १३,२५० नाण्यांचा साठा सापडला, आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली आढळली. नाशिकच्या लेण्यातील शिलालेखात त्याची आई गौतमी बलश्री हिने आपल्या पुत्राने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निर्मूळ केल्याचे कोरविले आहे. तो आईच्या अभिमानाचा उद्गार आहे की घडलेली हकीकत, या शंकेला जोगळटेंभीच्या साठ्याने उत्तर दिले. हे उत्तर एखाददुसऱ्या नाण्याने मिळाले नसते. कारण शत्रूच्या नाण्यांवर स्वतःचा छाप उमटविण्याचे काम राजाने किती व्यापक प्रमाणावर चालविले होते, हे ठोकलेल्या आणि न ठोकलेल्या नाण्यांच्या प्रमाणावरूनच कळते. तो साठा पहिल्या रात्रीच वाटला गेला असता, तर चांदी तेवढीच निघाली असती आणि साक्ष बुडाली असती.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे, १९७४ साली झुडपाचे मूळ खणीत असलेल्या एका शेतकऱ्यास ब्राँझची चार भरीव शिल्पे मिळाली: बैल जुंपलेला रथ व त्याचा सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्यांचे एकत्र वजन साठ किलोंहून अधिक भरले. ही शिल्पे मोडीत गेली नाहीत, हे महाराष्ट्राचे भाग्य. परंतु पद्धतशीर उत्खननात, एका निश्चित थरातून ती उचलली गेली नव्हती. त्यामुळे त्यांच्या काळाचा वाद मागे राहिला. तेथे उत्खनन करणारे साळी यांनी ती उत्तर-हडप्पा काळाची मानली, तर पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवाल यांनी धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून त्या काळाविषयी शंका उपस्थित केली. वस्तू सुखरूप मिळाली तरी तिच्या भोवतालची माती हुकली, की हजार-दोन हजार वर्षांचा प्रश्न अधांतरी लोंबकळतो.

विदर्भात जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड या ठिकाणी शिळावर्तुळांच्या पोटातून लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या आणि घोड्याच्या मुखावरचे तांब्याचे अलंकार निघाले आहेत. वर वर्तुळाकार रचलेले मोठे धोंडे दिसतात, म्हणून तेथे धन असणारच, अशा समजुतीने ती उकरणारे लोक आजही आहेत. त्यांच्या हाती गंजके लोखंड लागते, ते तेथेच फेकले जाते, आणि अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोहाराचे कसब ज्यावरून कळावयाचे, तोच पुरावा पावसात विरून जातो.

आता कर्तव्याविषयी. वस्तू दृष्टीस पडताच काम थांबवावे आणि ती जागच्या जागी राहू द्यावी. भ्रमणध्वनी आज प्रत्येकाच्या खिशात आहे. वस्तूशेजारी एखादी पट्टी वा काडीपेटी ठेवून छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे आकाराचा अंदाज राहतो. जवळच्या बांधापासून, विहिरीपासून किंवा झाडापासून अंतर मोजावे, खोली मोजावी, आणि तारखेसह कागदावर लिहावे. नंतर मऊ माती सैलसर पसरून वस्तू झाकावी व राखण बसवावी. चोरीच्या वा पाण्याच्या भयाने ती उचलणे भागच पडले, तर घडा रिकामा करू नये. फडक्याने आवळून, आतल्या मातीसकट, अखंड उचलावा. खापरे, कोळसा, हाडे, विटांचे तुकडे यांना कचरा समजू नये. काळ ठरविण्याच्या कामी नाण्यांहून कित्येकदा त्यांचाच उपयोग अधिक होतो.

धुणे, घासणे, ठोकणे यांचा मोह सर्वथा टाळावा. तांब्या-काशावर चढलेला घट्ट, गुळगुळीत हिरवा थर हे त्या वस्तूचे कवच असते आणि अक्षरांच्या कडा पुष्कळदा त्याच थरात टिकून राहिलेल्या असतात. चिंचेचे आम्ल थराबरोबर अक्षरेही नेते. याउलट फिकट हिरवे, भुकटीसारखे गळणारे ठिपके दिसले, तर ते रोगाचे लक्षण जाणावे. मातीतील क्षारांचे तांब्याशी झालेले संयुग हवेतील दमट अंशाने पुन्हा जागे होते, त्यातून निर्माण होणारे आम्ल ताजे तांबे खाते, आणि हे चक्र वस्तूचा चुरा होईपर्यंत चालते. अशा वस्तूला पाणी लावणे म्हणजे त्या चक्राला गती देणे होय. हिरवे दिसते ते सारे तांबेच, असेही समजू नये. हिणकस चांदीतील तांबे बाहेर येऊन चांदीचे नाणेही हिरवे दिसते. सातवाहनांची शिशाची नाणी तर इतकी ओबडधोबड व मळकट असतात की ती फेकून दिली जात असल्याचे मी डोळ्यांनी पाहिले आहे. साधा नियम असा की कोरडी सापडलेली वस्तू कोरडी ठेवावी, आणि विहिरीच्या चिखलात सापडलेली वस्तू त्याच चिखलात, ओल्या फडक्यात राहू द्यावी. उन्हात वाळत घालू नये.

ताम्रपटाविषयी मला विशेष आस्था वाटते, कारण तो आमच्या दफ्तराचाच पूर्वज आहे. कोणत्या राजाने, कोणाला, कोणते गाव, कोणत्या सीमांनी व कोणत्या करांची माफी देऊन दिले, हे सारे त्यात कोरलेले असते. पत्रे एका कडीत ओवून कडीच्या सांध्यावर राजमुद्रा बसविण्याची रीत होती. बाहेरच्या बाजू सामान्यतः कोऱ्या सोडीत, म्हणून वरून पाहणाऱ्यास तो तांब्याचा नुसता पत्रा वाटतो आणि तांबटाच्या दुकानी जातो. एका खेड्यात शाळेच्या गुरुजींनी असे पत्रे मोडीच्या तराजूतून परत आणले आणि कडी कापू न देता, मातीसकट, कचेरीत हजर केले. ज्या विद्वानांनी ते वाचले त्यांनी त्यातील गावे आजच्या नकाशावर बोट ठेवून दाखविली, आणि एरव्ही कचेरीला भिणारे ते गाव त्या दिवशी मोठ्या हौसेने कचेरीत जमले.

लोक ऐवज दडवितात याचे मूळ कायद्याच्या अज्ञानात आहे. ‘सापडले की सरकारजमा, आणि वर चौकशीचा ससेमिरा’ अशी सार्वत्रिक समजूत असते. १८७८ चा निखात निधीविषयीचा कायदा वस्तुतः असे म्हणत नाही. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास सापडणाऱ्याने त्याचे स्वरूप, अंदाजी किंमत, ठिकाण व तारीख जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावी आणि निधी जवळच्या सरकारी खजिन्यात ठेवावा किंवा तो हजर करण्याबद्दल जामीन द्यावा, असे त्यात फर्माविले आहे. जाहीरनामा निघून हक्कदारांना मुदत दिली जाते. निधी बेवारस ठरला आणि सापडणारा व जागेचा मालक यांच्यात वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्यास व एक चतुर्थांश मालकास मिळतो. सरकारने तो स्वतःकडे घेतल्यास धातूची किंमत व तिच्या एक पंचमांश इतकी जादा रक्कम द्यावी लागते. जो दडवितो त्याचा वाटा मात्र जातो, आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे आमच्या त्या विहिरीवर भांडलेल्या मजुराच्या पदरात कायद्याने मालकाहून मोठा वाटा घातला होता. तो त्याने रातोरात घालविला.

या कायद्यातही एक वैगुण्य आहे, ते लपविण्यात अर्थ नाही. मोबदल्याचे माप धातूच्या किमतीचे असल्यामुळे शिशाचे दुर्मिळ नाणे प्रामाणिकपणे हजर करणाऱ्याच्या हाती फारसे काही पडत नाही, आणि पंचनाम्यात वजन ठसठशीत व खोली गैरहजर, ही आमच्या कचेऱ्यांची वृत्ती तेथूनच पोसली आहे. तथापि सदोष कायद्याची वाट धरणाराही चोरबाजाराची वाट धरणाऱ्यापेक्षा अधिक सुखी राहतो. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंचा धंदा परवान्यावाचून करता येत नाही आणि खाजगी इसमास त्या परदेशी पाठविता येत नाहीत; संरक्षित किल्ल्यावर वा देवळाच्या आवारात विनापरवानगी खणणे हाच मुळी गुन्हा आहे, मग हातात कुदळ असो वा धातुशोधक यंत्र.

गुप्तधनाच्या लोभावर जगणाऱ्या ठकांपासूनही सावध असावे. तांदूळ ओढून घेणारे ‘दैवी’ तांबे लाखोंना विकणारे, खोदकामात मिळाल्याच्या बतावणीने पितळेच्या मोहरा सोन्याच्या भावाने गळ्यात मारणारे, आणि पायाळू माणूस व अमावास्येची रात्र यांची सांगड घालून देव्हाऱ्याखाली खड्डा काढणारे मांत्रिक, यांच्यापायी शेती गहाण पडल्याची उदाहरणे प्रत्येक तालुक्यात आहेत. प्राचीन माणसाने मातीत ठेवलेली किंवा मातीत हरवलेली वस्तू मंत्राने वर येत नाही. ती विहीर खणताना, नांगरताना, दरड कोसळताना अवचित दिसते, आणि अवचित दिसल्यावर माणूस कसा वागतो एवढाच प्रश्न उरतो.

म्हणून वर्दी देताना अर्ज स्वतः लिहावा किंवा गुरुजींकडून लिहवून घ्यावा; त्यात गट नंबर, खोली, सोबतच्या सर्व वस्तूंची यादी, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची नावे आणि सापडणाऱ्याचे नाव स्पष्ट असावे; छायाचित्रे जोडावीत, आणि एक प्रत पुरातत्त्व खात्याच्या किंवा जवळच्या शासकीय वस्तुसंग्रहालयाच्या पत्त्यावर रवाना करावी. पंचनाम्यात नाणी वजनाने लिहिली जात असतील, तर ती मोजून लिहिण्याचा आग्रह धरावा आणि त्यावाचून सही करू नये. वाट्याचा हक्क आणि वस्तूचा इतिहास हे दोन्ही त्या एकाच कागदावर उभे राहणार असल्यामुळे, तारीख, आवक क्रमांक व शिक्का असलेली पोच हाती पडल्यावाचून कचेरीची पायरी उतरू नये, एवढे एका जुन्या कारकुनाचे सांगणे आहे.